तुलनेसाठी राखलेली डावी बाजू

टक्कल पडायला माणसाला पंधरा-वीस वर्षं लागतात. ते पडल्याचं कळायला कापडाच्या दुकानातला एक विक्रेता पुरतो. "ताई, तुम्ही निवांत बघा. तुमच्या वडिलांना मी खुर्ची देतो," असं तो म्हणाला आणि त्याने खरोखरच खुर्ची आणली. निरीक्षकसाहेब तिच्यावर बसलेसुद्धा. सकाळपासून उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि खुर्ची आयती चालून आली होती. बसून, पाय लांब करून, वर विक्रेत्याचे आभार मानून झाल्यावर मग त्या वाक्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला. तोवर बायको कापडाच्या ताग्याआड तोंड लपवून हसत होती.

साहेब एकोणपन्नास वर्षांचे, बायको सत्तेचाळीस. म्हणजे त्या विक्रेत्याचं खरं मानायचं तर साहेबांना वयाच्या दुसऱ्या वर्षी मुलगी झाली असणार. पण विक्रेते एवढा विचार करत नाहीत.

एरवी ही गोष्ट ते आठवड्याभरात विसरले असते. पण त्याच आठवड्यात बायकोला तिच्या शाळेच्या वर्गाकडून निरोप आला. तीस वर्षांनी सगळे भेटणार होते, सहा महिन्यांनी, आणि जोडीदारांना घेऊन. प्रत्येकाने उभं राहून आपल्या जोडीदाराची ओळख करून द्यायची होती. बायको दोन दिवस गाणी गुणगुणत होती. साहेबांच्या डोळ्यांपुढे मात्र एकच देखावा: ती उठून "हे माझे..." म्हणते आहे, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत कुणीतरी अदबीने म्हणतं, "नमस्कार काका, अहो, या वयात तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

साहेब वजनमापे खात्यात होते. दुकानादुकानांतले काटे तपासायचे, बरोबर असतील त्यांना शिक्का मारायचा, नसतील त्यांना सील ठोकायचं, हे काम त्यांनी चोवीस वर्षं केलं होतं आणि या चोवीस वर्षांत एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. घरात दूधवाल्याचं मापसुद्धा ते डोळ्यासमोर धरून बघत. बायको म्हणायची, "यांना मी आवडते की नाही, हे यांनी अजून सांगितलेलं नाही; बहुतेक पडताळणी चालू आहे."

वरच्या मजल्यावर एक निवृत्त कंपाउंडर राहत. तीस वर्षं डॉक्टरांच्या शेजारी बसून त्यांनी डॉक्टरकीचा उत्तरार्ध तेवढा आत्मसात केला होता, म्हणजे काय बिघडतं तो भाग. साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "एका मित्राचे केस जरा विरळ झालेत..."

"तुमचे ना? बसा," कंपाउंडर म्हणाले. "तेलं-बिलं सोडा. आता पीआरपी आलंय. आपलंच रक्त काढतात, यंत्रात गरगर फिरवतात, वर पिवळसर पाणी येतं ते सुईने परत आपल्याच डोक्यात टोचतात. त्यात म्हणे केसांच्या मुळांना चालना देणारं काहीतरी असतं. बाहेरचं काही नाही, सगळं घरचंच."

"त्रास काही?"

"त्रास कसला! दुखतं. रक्त येतं. सूज येते. डोकं ठणकतं. खाज सुटते. आधी आहेत तेही गळतात. एखाद्याला जंतूंची बाधा होते. बाकी काही नाही."

या आश्वासनामुळे साहेब त्वचेच्या दवाखान्यात जाऊन थडकले. मुलीचा याला विरोध होता. ती कॉलेजात शिकत होती आणि वडिलांवर तिचं प्रेम होतं. "बाबा, तुम्ही छान दिसता. फक्त उन्हात उभे राहू नका, समोरच्याचे डोळे दिपतात," एवढीच तिची तक्रार होती.

डॉक्टरीणबाई तरुण आणि स्पष्ट बोलणाऱ्या निघाल्या. त्यांनी साहेबांच्या टाळूवर कॅमेरा फिरवला आणि म्हणाल्या, "मध्यावरच्या गुळगुळीत जागेत काही होणार नाही, तिथे मुळंच उरली नाहीत. कडेला केस बारीक झालेत पण मुळं जिवंत आहेत, तिथे उपयोग होऊ शकतो. महिन्याच्या अंतराने तीन वेळा टोचायचं. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, आणि पडलं तरी पुढे अधूनमधून पुन्हा करावं लागतं."

"लागू पडलं हे कळणार कसं?"

"आरशात दिसेल की."

साहेबांनी कीव केल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं. आरसा हे काही मान्यताप्राप्त साधन नव्हे. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आपली योजना सांगितली. फक्त उजव्या बाजूला टोचायचं. डावी बाजू आहे तशी, तुलनेसाठी राखून ठेवायची. म्हणजे उजवीकडे केस वाढले आणि डावीकडे नाही, तर वाढ औषधाने झाली हे सिद्ध. दोन्हीकडे वाढले तर ती हवापाण्याची कृपा.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, तुम्हाला केस हवे आहेत ना?"

"हवे आहेत. पण न पडताळलेले नकोत."

त्यांनी परोपरीने समजावलं. अर्धं डोकं विचित्र दिसेल, असंही सांगितलं. "दिसू दे. दिसलं म्हणजेच सिद्ध झालं," साहेब म्हणाले. शेवटी संमतिपत्रावर डॉक्टरीणबाईंनी 'रुग्णाच्या अतिशय आग्रहावरून' असे शब्द घातले. साहेबांनी ते पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, 'परिणाम व्यक्तीनुसार कमीजास्त होऊ शकतो' या वाक्यापाशी थांबले आणि समासात लिहिलं : 'किती कमी? किती जास्त? मर्यादा नमूद करावी.' ती कुणी नमूद केली नाही.

कॅमेऱ्याच्या यंत्राने ठरावीक जागी एका चौरस सेंटिमीटरात उजवीकडे अडुसष्ट केस दाखवले, डावीकडे सत्तर. साहेबांनी घरी येऊन पुठ्ठ्यात बरोबर एक सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापली, भुवईपासून आणि कानापासून अंतरं घेऊन ती डोक्यावर उजवीकडे बसवली आणि बायकोच्या हातात भिंग दिलं. बायको विणकामाच्या सुईने एकेक केस बाजूला सारत अर्धा तास मोजत बसली. अडुसष्ट. घरचा आकडा आणि दवाखान्याचा आकडा जुळला, तेव्हा साहेबांना जो आनंद झाला तो केस उगवल्यावरही झाला नसता. त्यांनी एक वही सुरू केली. दर रविवारी सकाळी खिडकीपाशी मोजणी होईल, असं घरात जाहीर झालं.

पण त्याआधी रजेचं घोडं अडलं. रजेच्या अर्जात 'कारण' असा रकाना होता. दुसऱ्या कुणीही तिथे 'घरगुती' लिहिलं असतं. साहेबांनी खरं लिहिलं : 'डोक्याच्या उजव्या बाजूस चाळीस इंजेक्शने.' आस्थापना लिपिकाने तो अर्ज दोनदा वाचला.

"साहेब, डोक्याचं म्हटल्यावर रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला लागेल. आजार शारीरिक की मानसिक, त्यावर खूण करा."

"दोन्ही नाही."

"तसा रकाना नाही."

साहेबांनी शारीरिकवर खूण केली. संध्याकाळपर्यंत कचेरीत पसरलं की निरीक्षकसाहेबांच्या मेंदूत उजवीकडे गाठ आहे. मंडळी एकेक करून येऊन त्यांचा हात दाबून गेली. वरिष्ठ तर त्यांच्याशी नोकरीत प्रथमच हसून बोलले.

टोचण्याचा दिवस उजाडला. डोकं बधिर करणारं मलम लावलं होतं, पण मलमाला ते कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. साहेबांनी एकेक टोचणी मोजायला सुरुवात केली. सव्विसाव्या टोचणीला डोळ्यांत पाणी येऊन आकडा चुकला, आणि त्यांच्या वहीत आयुष्यात पहिल्यांदा 'अंदाजे' हा शब्द आला.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली. म्हणजे डोक्यावरून उतरली आणि कपाळावरून खाली डोळ्यावर आली. अर्थातच फक्त उजव्या. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, काही काळजी करू नका, दोन-चार दिवसांत जाईल. त्यांनी दाखलाही पाठवला : 'उजव्या बाजूच्या उपचारानंतर कामास योग्य.' लिपिकाने तो परत पाठवला. डाव्या बाजूचं काय, असं त्याने विचारलं होतं. दुसऱ्या दाखल्यात 'दोन्ही बाजूंनी योग्य' असं आलं, तर बाजू बदलल्याचं कारण द्या म्हणाला. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंनी नुसतंच 'डोके ठीक आहे' असं लिहून खाली इतकी जोरात सही केली की कागद फाटला.

रुजू होऊन साहेब बाजारात तपासणीला गेले. एका धान्याच्या दुकानात त्यांनी पेटीतली पितळी वजनं काढून काटा तपासला. "तुमचा काटा किलोमागे पंधरा ग्रॅम खातोय," ते करड्या आवाजात म्हणाले, आणि सुजलेला उजवा डोळा आपसूक मिटला.

दुकानदाराने आजूबाजूला पाहिलं. मग सावकाश त्यानेही एक डोळा मिटला. "समजलं साहेब," असं म्हणून त्याने बदामाची पिशवी पुढे सरकवली.

"हे काय?" साहेब ओरडले. संतापाने डोळा पुन्हा मिटला.

"कमी आहेत का?" त्याने दुसरी पिशवी काढली.

साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी काट्याला सील ठोकलं, पण सुटलेली बातमी सील होत नाही. चोवीस वर्षं जो माणूस कुणाच्या दुकानात पाणी प्यायला नाही, तोही आता डोळा मारायला लागला, असं अख्ख्या बाजारात झालं. काळा चष्मा लावावा तर काट्यावरचे आकडे दिसेनात. कंपाउंडरांनी खाली येऊन डोळा निरखला आणि म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? आता केस गळतील बघा."

ते खरं ठरलं. तिसऱ्या आठवड्यात उशीवर केस दिसायला लागले, आणि तेही उजव्या बाजूचे. डावी बाजू, जिला कुणी हात लावला नव्हता, ती मजेत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की काहींना सुरुवातीला असं होतं, थांबेल. साहेब त्या रविवारी खिडकीपाशी बसले तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. बायकोने भिंग धरलं, बराच वेळ मोजलं आणि म्हणाली, "सहासष्ट."

"फक्त दोनच गेले?"

"दोनच."

त्या दिवशी साहेब दोन पोळ्या जास्त जेवले. नंतर आकडा चढत गेला. एकाहत्तर, ब्याऐंशी, त्र्याण्णव. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी टोचताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. रविवार हा त्यांचा आवडता वार झाला. खिडकीतून ऊन यायचं, बायकोची बोटं डोक्यावरून फिरायची, ती पुटपुटत आकडे मोजायची आणि साहेब तासभर गप्प बसायचे. दोघांनी इतका वेळ एका जागी बसण्याचा योग बऱ्याच वर्षांत आला नव्हता. मेळाव्याच्या आधीच्या रविवारी उजव्या बाजूचा आकडा एकशेचार झाला. साहेबांनी मेळाव्यासाठी निळा शर्ट इस्त्रीला दिला.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दवाखान्यात शेवटची तपासणी होती. यंत्राने डावीकडे अडुसष्ट दाखवले, आणि उजवीकडे एकोणऐंशी.

"यंत्र बंद करून चालू करा," साहेब म्हणाले.

पुन्हा एकोणऐंशी.

"या यंत्राचा पडताळणीचा दाखला दाखवा."

डॉक्टरीणबाईंनी दीर्घ श्वास घेतला. "याच यंत्राने पहिल्या दिवशी अडुसष्ट दाखवले, तेव्हा तुम्ही दाखला मागितला नव्हता."

"तेव्हा घरचा आकडा जुळत होता. सतत वापराने यंत्र सरकतं. एकशेचाराला एकोणऐंशी, म्हणजे चौथ्या हिश्श्याची तूट आहे बाई! धान्याचं दुकान असतं तर मी आत्ताच्या आत्ता सील ठोकलं असतं. दवाखाना माझ्या कक्षेत येत नाही म्हणून वाचलात."

"अहो, अकरा केस वाढलेत. तुमच्या डोक्याच्या मानाने हे वाईट नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "घरी मोजतं कोण?"

साहेब घरी आले ते यंत्राविरुद्धच्या तक्रारीचा मजकूर मनात जुळवतच. पण चोवीस वर्षांची सवय. दोन काट्यांत फरक आला की तिसऱ्यावर तोलून बघायचं. रविवारी सकाळी त्यांनी मुलीला बोलावलं, पुठ्ठा ठेवला, भिंग दिलं. मेळाव्याला निघायला तीन तास होते. बायको आतून म्हणाली, "आज कशाला? उशीर होईल," पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

मुलीने मोजले. एकोणऐंशी. पुन्हा मोजले. एकोणऐंशी. तिने दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं, भिंग टेबलावर ठेवलं आणि आपल्या खोलीत निघून गेली.

साहेबांनी वही उघडली. "तिसरा आठवडा. सहासष्ट लिहिलंय. खरे किती होते?"

बायकोने खाली पाहिलं. "एकावन्न."

"आणि तू सहासष्ट सांगितलेस."

"उशीवरचे केस बघून तुमचा चेहरा कसा झाला होता! एकावन्न कसं सांगणार होते मी? आणि एकदा वाढवून सांगितल्यावर मग कमी कुठून करायचे?"

सबंध बाजारात जो माणूस एक ग्रॅम खपवून घेत नव्हता, त्याच्या डोक्यावर, त्याच्याच घरात, पाच महिने खोटं माप चाललं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. साहेबांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते नुसते वही मिटून बसले. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं, आणि ते केसांचं नव्हतं.

"मी येत नाही. तू एकटी जा," ते म्हणाले. "एवढं खोटं बोलावंसं वाटलं, म्हणजे तुला माझी किती लाज वाटत असेल."

"लाज?" बायको ताडकन पुढे आली. तिने स्टूल ओढलं, त्यांच्याकडे पाठ करून त्यांच्यासमोर बसली आणि भिंग त्यांच्या हातात कोंबलं. "आता माझं डोकं तपासा."

"कशाला?"

"तपासा म्हणते ना! दुनियेचे काटे तपासता, घरचा एकदा तपासून बघा."

साहेबांनी भिंग तिच्या भांगावर धरलं. काळ्याभोर केसांच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना, एक पांढरी रेघ होती.

"हे काय?"

"कलप. अकरा वर्षं लावतेय. दर दुसऱ्या गुरुवारी, तुम्ही दौऱ्यावर जाता तेव्हा."

दोन ग्रॅमची खोट दहा फुटांवरून ओळखणारे साहेब अकरा वर्षं त्या केसांसमोर बसून चहा पीत आले होते.

"त्या दुकानात मी हसले ना, ते घाबरून हसले," बायको पाठमोरीच म्हणाली. "त्याने तुम्हाला वडील केलं ते माझ्या कलपामुळे. मी पांढरी असते तर कोण म्हणालं असतं? माझ्यामुळे तुम्ही एवढ्या सुया टोचून घेतल्यात, डोळा सुजवून घेतलात. तेव्हाच सांगणार होते. पण तुम्ही खोटं पकडलं की थेट सील ठोकता. मग म्हटलं, निदान आकडे तरी चांगले द्यावेत."

पुढचं बोलली ते अगदी हळू आवाजात. "या वेळी गडबडीत लावायचा राहिला हो. आता वेळही नाही. सगळ्या मैत्रिणी येणार. फार दिसतात का? किती आहेत पांढरे? खरं सांगा."

साहेबांनी पुठ्ठ्याची खिडकी तिच्या भांगावर ठेवली. डावीकडून सुरुवात केली, सवयीप्रमाणे. बुडाशी पांढरा नसलेला केस सापडेना. एकतीस, बत्तीस, तेहेतीस. अजून अर्धी खिडकी बाकी होती. तिने श्वास रोखून धरला होता, आणि तिची मान ताठ झालेली त्यांना दिसत होती.

"तीन," साहेब म्हणाले.

"नक्की?"

"दोनदा मोजले."

बायकोचे खांदे सैल झाले. तिने वळून त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, मग टेबलावरची वही ओढून नव्या ओळीवर 'तीन' असं लिहिलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. साहेबांनी तारीख घालून खाली सही केली, आणि ते निळा शर्ट घालायला आत गेले.